पाण्यातली हजेरी

यातलं एक अक्षर तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून 'धाऊने पुन्हा एक सोडून दिली' म्हणायला नको.

शेणव्याला माझ्या ओटीवर गोष्टीचा एक नियम आहे. मी सांगायला बसलो की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, आणि खोटं सापडलं तर मोठ्यांदा म्हणायचं, "खोटं." नुसतं म्हणून भागत नाही. कुठे आणि कसं, तेही सांगायचं. बरोबर निघालं तर गोष्ट तिथल्या तिथे बंद. अर्धं वाक्य तोंडात असलं तरी गिळायचं. मग सकुबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळ्यांना चहा द्यायचा. ती म्हणते, "तुमी खरं बोलणारे असता तर एक म्हस कमी पाळावी लागली असती."

किन्हवलीच्या बाजारात विकलेला माझा बैल माझ्याआधी घरी येऊन दावणीला उभा होता, ही गोष्ट तिसऱ्या वाक्याला पकडली गेली. माझा पाळलेला खेकडा भातसा धरणाच्या पाइपातून मुंबईला गेला आणि तिथून खुशालीचं पत्र पाठवलं, ही तर पहिल्याच. एकच गोष्ट आजवर कोणी पकडली नव्हती. एका आश्विनात माझं वरच्या अंगाचं शेत महिनाभर गुणगुणत होतं आणि त्याच्यावर एक पोपट उतरला नाही. ती पकडणार कशी? ते गुणगुणणं अर्ध्या गावाने कानांनी ऐकलं होतं.

पण आज सांगायचंय ते सिनेमाचं.

शहाण्णव सालच्या पौषात मुंबईची माणसं भातसानगरच्या बाजूला सिनेमा काढायला आली. टीव्हीवर रविवारी दुपारी लहान मुलांसाठी काही ना काही दाखवायचे, त्यातला. नाव 'पाण्यातली हजेरी'. धरणाचं पाणी चढतं, गाव उठून जातं, शाळा बुडते, पण गुरुजी काही उठत नाहीत. ते पाण्याखाली बसून रोज हजेरी घेतात. काठावर गुरं राखणाऱ्या पोरांना पाण्यातून आपापलं नाव ऐकू येतं. जो 'हजर' म्हणाला तो दुसऱ्या दिवशी काठावर नसतो. एवढीच गोष्ट. याच्यापेक्षा भारी मी दिवसाला दोन पाडतो, पण त्यांच्याकडे कॅमेरा होता.

'हजर' म्हणणारं पोर त्यांना हवं होतं. पौषातल्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून न कुडकुडणारं. शहरातून आणलेलं पोर पाय बुडवताच रडायला लागलं. मग मी त्यांना डोंगरापलीकडच्या वाडीवरचा कमळू दाखवला. नऊ वर्षांचा. त्याची आई रखमी तेव्हा माझ्या शेतावर लावणीला, कापणीला यायची. कमळूने सिनेमा काढणाऱ्या साहेबांच्या समोर बुडी मारली ती तळातला दगड घेऊनच वर आला. त्याला 'हजर' म्हणायला शिकवलं. तो दर वेळी म्हणायचा, "मी हाय ना, गुरुजी." आठ वेळा सांगून झालं. शेवटी साहेब म्हणाले, राहू दे, हेच चांगलं आहे.

आणि गुरुजींचं भूत? मुंबईचा नट दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला. मग तोंडाला तांदळाचं पीठ फासून, काळी टोपी घालून दोन दिवस छातीभर पाण्यात जो उभा राहिला तो हा धाऊ. सिनेमातलं भूत मीच, हे मी महिन्याभरात शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत घरोघर पोचवलं. पोरं मला बघून वाट बदलायची. असला मान मला त्याच्याआधी मिळाला नव्हता.

वैशाखातल्या एका रविवारी सिनेमा लागला. गावात टीव्ही दोन, दोन्हींसमोर जत्रा. नावं यायच्या आधीच वारं सुटलं, सादड्याची फांदी तारेवर पडली आणि लाइट गेली ती मंगळवारी आली. शेणव्यात कोणाला काही दिसलं नाही. बाकी मुलखाने मात्र बघितलं. जूनमध्ये शाळा भरल्या तेव्हा पोरं हजेरीला ओ देईनात, मास्तरांनी डोकी मोजून पट भरले. आईबापांनी रागाची पत्रं टाकली म्हणे. तो सिनेमा पुन्हा कधी लागला नाही.

कमळू त्याच्या पुढच्याच्या पुढच्या श्रावणात गेला. मण्यार. जमिनीवर निजला होता. अकरा वर्षांचा. त्याचा एक फोटो कुठे नाही. वाडीवर तेव्हा फोटोवाला लग्नालासुद्धा यायचा नाही. म्हणजे या पृथ्वीवर त्या पोराचं तोंड एकाच जागी उरलं होतं, त्या सिनेमात.

इथपर्यंत कोणाला खोटं म्हणायचं असेल तर म्हणा. चहा टाकायला सांगतो.

गेल्या कार्तिकात, भात झोडून झालं होतं तेव्हा, वाशिंदचा दिपेश आमच्याकडे आला. पस्तीस-छत्तिसाचा गडी, कारखान्यात कामाला, पाठीवर दप्तर. पाण्याचा तांब्या हातात घेऊनच म्हणाला, "काका, तुम्हीच ना धाऊ? 'पाण्यातली हजेरी'वाले?"

"त्यातलं भूत मी," मी म्हणालो.

तो हसला. मग त्याने जे सांगितलं ते असं. तो सिनेमा त्याने सात वर्षांचा असताना बघितला आणि आठ दिवस विहिरीकडे फिरकला नाही. मोठेपणी पुन्हा बघावासा वाटला तर कुठेच नाही. ज्यांनी दाखवला त्यांनी त्याच टेपवर पुढे दुसरं काहीतरी भरलं. साहेब वारले, त्यांच्या घरातल्या कॅसेटींना बुरशी लागली. आता फोनवर अशा शोधणाऱ्यांचा ग्रुप आहे, दोनशे चाळीस माणसं, सगळी लहानपणी घाबरलेली. कोणी आठवून आठवून चित्रं काढलीत, कोणी संवाद लिहिलेत. सिनेमा कोणाकडे नाही.

"आणि काका, राग मानू नका, पण त्यात भूत दिसतच नाही. मी सगळ्यांना विचारलंय. नुसता आवाज येतो. आणि एकदा पाण्यातून हात वर येतो."

"तो पंजा कोणाचा मग? हे बघ, हे बोट वाकडं. आठव जरा."

सकुबाई आतून म्हणाली, "एकोणतीस वर्सं अख्खं भूत होतं, आता नुसता पंजा राह्यला. उद्या नखावर येतील."

मी विषय बदलणार तेवढ्यात दिपेशने फोन पुढे केला. "साहेबांच्या हाताखाली एक बाई होत्या. त्यांची शूटिंगची वही सापडली. त्यात लिहिलंय, जुलैमध्ये एक कॅसेट टपालाने पाठवली. धाऊ, मुक्काम शेणवा. सोबत चिठ्ठी, कमळूच्या आईला दाखवावी."

पायरीवर काठी वाजली. रखमी उभी होती.

वाडीवर बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. ती डोंगर उतरून आली होती, तीही जवळजवळ चाचपडत. पंचावन्नाची असेल, पण डोळ्यांना काचबिंदू. तिला पोफळीच्या नळीतून बघावं तेवढंच दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. शहापूरला डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येणार नाही, आणि राहिलंय तेही होळीपर्यंत.

"मपल्या नावानं काय आलं हुतं का रं, दादा?" ती म्हणाली. वाडीवरची माणसं 'माझ्या'ला 'मपल्या' म्हणतात आणि सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो.

"नाय गो. आलं असतं तर तुला दिलं नसतं का?"

"पोचपावती आहे, काका," दिपेश म्हणाला. "वहीतच चिकटवलेली. सही तुमची."

सही माझीच होती. कोंबडीने उकिरडा उकरावा तशी सही पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची नाही.

"दादा," रखमी म्हणाली, "डोळं गेलं तं जाऊं दे. मी चाचपून भाकर थापीन. पन त्याचं तोंड मपल्या मनातून पुसत चाललंय. डोळं मिटलं का आधी दिसायचं, आता कान दिसतात, केस दिसतात, मधी काय नाय. एकदा बघू दे. एकदा बघितलं का मंग अंधारात मला तेवढं पुरंल."

असं कोणी बोलल्यावर माणसाने खरं सांगून मोकळं व्हावं. मी म्हणालो, "आली होती कॅसेट. पण तुला सांगितली नाय त्याला कारण होतं. माळ्यावर ठेवली त्या दिवसापासून घरात कोणतरी नावं पुकारायला लागलं. माझं, सकुबाईचं. मग गोठ्यातलं. लाल्या बैल ओ देणारच होता, मी धावत जाऊन त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं. तेव्हा मी ती डबी नेऊन मुरबाडला मंगळूच्या लोखंडी कपाटात ठेवली. तो व्हिडिओ दाखवायचा ना, त्याच्याकडे."

मंगळूचं नाव घेतलं त्यालाही कारण होतं. तो मेला अशी माझी समजूत होती.

"मंगळू व्हिडिओवाला, मुरबाड," दिपेश फोनवर टिचक्या मारत म्हणाला. "आहे की. आता झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं. हा नंबर."

माणसाने मेल्यावर तरी कळवावं, नाही तर जिवंत असल्याचं तरी.

दुसऱ्या दिवशी दिपेश भाड्याची ईको घेऊन आला. मागे एक जुनं व्हीसीआर आणि बुटका टीव्ही, भंगारातून आणून दुरुस्त केलेला. मी म्हणालो, माझे गुडघे दुखतात, तुम्ही दोघं जाऊन या. रखमी म्हणाली, "तू नसलास तं मला त्यातला कमळू कोण दाखवंल?" मग मी बसलो.

किन्हवली सोडल्यावर तिने विचारायला सुरुवात केली.

"दादा, त्याला खळी कुठल्या गालावर हुती?"

"डाव्या."

"माघल्या साली तू उजव्या बोलला हुतास."

"माझ्याकडे तोंड करून उभा असला की उजवी. त्याच्या बाजूने डावी."

"आन् भिवईवरचा वण?"

तो वण मीच कधीतरी एका गोष्टीत कमळूला दिला होता. वाघाच्या पिल्लाने ओरखडा काढला म्हणून. पोरांना ती गोष्ट फार आवडायची. रखमी ओटीच्या खाली बसून ऐकायची, हुंकारही द्यायची. ती माझ्या गोष्टी ऐकायला का येते ते मला तेव्हा कळलं नाही, आता गाडीत कळलं. कमळूला बघितलेलं जे जे माणूस भेटेल त्याच्याकडून ती त्याचं तोंड थोडं थोडं मागून नेत होती, आणि मी तिला दर वेळी नवीन देत होतो.

"वण होता की नाय?" तिने पुन्हा विचारलं.

"होता बारीकसा."

"मी आये हाय त्याची," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "मला आठवत नाय."

दिपेशने गाणी लावली होती ती बंद केली.

मंगळू जिवंत होता आणि जाडही झाला होता. पुढे झेरॉक्स, मोबाइलची कव्हरं, फॉर्म भरायला आलेल्यांची रांग. मागची खोली तीच, जिथे एकेकाळी तो काळे पडदे लावून सिनेमे दाखवायचा. मला बघताच म्हणाला, "काका, या. अजून भूत आहात का रिटायर झालात?"

"कपाट कुठे आहे तुझं? लोखंडी?"

"लोखंडी कपाट मला सासऱ्याने लग्नात दिलं नाही, तुम्ही कुठून आणलंत?"

दिपेशने त्याला कॅसेटचं सांगितलं. मंगळूने कपाळ खाजवलं. "आठवतंय. श्रावण होता, धो धो पाऊस. काका एक कॅसेट छातीशी धरून आले. म्हणाले, एकट्याला बघायचीय. दार आतून लावून घेतलं. बाहेर आले ते तोंड असं, घरी कोणी गेल्यासारखं. मी विचारलं, काय काका, दिसलात का झकास? एक शब्द नाही. कॅसेट पिशवीत घातली आणि गेले."

"गेले? म्हणजे इथे ठेवली नाही?" दिपेश माझ्याकडे वळला.

"तेव्हा नाय ठेवली," मी म्हणालो. "मागून पुन्हा येऊन ठेवली. हा नव्हता तेव्हा."

"असेलही," मंगळू म्हणाला. "माळ्यावर पोतं आहे जुन्या कॅसेटींचं. लोकांनी लग्नाच्या द्यायच्या, न्यायला यायचेच नाहीत. उंदरांनी ठेवल्या असतील तेवढ्या बघा."

पोतं खाली आलं. निम्म्यांच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. दिपेशने टीव्ही जोडला, कॅसेटी रुमालाने पुसायला घेतल्या. रखमी टीव्हीसमोर जमिनीवर बसली, काचेपासून वीतभर. डोकं इकडून तिकडे, वरून खाली हलवत ती त्या नळीतून पडद्याचा एकेक तुकडा बघायची.

लग्नं. नुसती लग्नं. हळदी, वराती, नारळ, रुसलेल्या मावश्या. दिपेश पुढे पळवायला लागला की ती म्हणायची, "थांब ना रं, पळवू नको, तो मधीच कुठं असला तं?" लग्नात कशाला असेल, असं तिला कोणी सांगितलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत तिने दोन तालुक्यांतल्या परक्या नवऱ्यामुली बघितल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते रडण्याचं नव्हतं, ताणाचं. मंगळूने वडापाव आणला. तिने हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. तेवढा वेळ नजर हलली असती.

पोत्यात तीन कॅसेटी उरल्या तेव्हा दिपेश हळूच मला म्हणाला, "काका, खरंच ठेवली होती ना इथे?"

"ठेवली होती म्हणतोय ना."

"मावशींचे डोळे बघा जरा. संध्याकाळी त्यांना काय सांगणार आहात?"

माझ्याकडे सांगायला कधी काही कमी पडलं नाही. त्या दिवशी मात्र मी पोत्यात हात घालून एक कॅसेट त्याच्यापुढे केली.

पुढच्या कॅसेटमध्ये कुठल्यातरी हळदीचा नाच होता. बँजोवाला, बायका, आणि मधोमध एक पोर. आठ-नऊ वर्षांचं, उघडं, अंगभर हळद. नाचता नाचता ते थांबलं आणि सरळ कॅमेऱ्यात बघून हसलं.

"थांब," रखमी म्हणाली.

दिपेशने बटण दाबलं. पोर तिथेच थरथरत उभं राहिलं.

"दादा." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "हा हाय का रं? हा कमळू हाय का?"

ते पोर कोणाचं होतं देव जाणे. कमळू नव्हता. कमळूचा रंग, कमळूचं कपाळ मला पक्कं ठाऊक होतं, दोन दिवस पाण्यात मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो. पण ती मला विचारत होती. दिपेशला नाही, मंगळूला नाही. होळीपर्यंत तिच्याकडे जेवढं दिसणं उरलं होतं तेवढं सगळं तिने त्या पोरावर लावलं होतं, आणि एका शब्दाने ते वाया जाणार होतं नाहीतर सार्थकी लागणार होतं. मी मनाशी म्हटलं, आयुष्यभर एवढं खोटं बोललास धाऊ, कोणाच्या कामाचं एकही नव्हतं. हे एक आहे.

"हाच," मी म्हणालो. "हाच कमळू. सिनेमात एक हळद दाखवलीय, त्यातला हा भाग."

दिपेशच्या तोंडाशी काहीतरी आलं. रखमीकडे बघून त्याने ते गिळलं.

तिने काचेवर हात ठेवला. गालावरून बोट फिरवलं. "खळी नाय," ती म्हणाली, आणि लगेच, "हसतोय म्हनून कळत नसंल." मग पुन्हा दाखवायला लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना ती म्हणाली, "मला हा वळखीचा लागत नाय, दादा. मपल्या पोटचा आन् वळखीचा लागत नाय. आसं व्हतं का?"

"होतं. वर्षं किती झाली."

"आन् 'मी हाय ना, गुरुजी' कधी बोलंल?"

"पुढे."

दिपेशने कॅसेट चालू केली. पुढे काय सांगायचं ते मी जुळवत होतो, पण मशीनला माझी दया आली. आत करकर झालं, पोराचं तोंड तिरकं ताणलं गेलं, पडदा निळा. फीत अडकली.

दिपेशने चिमट्याने कॅसेट बाहेर ओढली. तिच्यामागून फितीचा गुंता आला, हातभर, दोन हात, रखमीच्या मांडीवर. मंगळूने पेचकस दिला. दिपेशने डबीचे स्क्रू काढून तिचं झाकण उघडलं.

"मला दे गुंता," रखमी म्हणाली. "मपली बोटं डोळ्यांपेक्षा बरी हायत."

तिने फीत दोन बोटांत धरली आणि गाठ शोधत सरकवायला लागली. थोडी सरकवली. थांबली. परत मागे आली. तिने अंगठ्याचं नख फितीवर आडवं ठेवलं, रुंदी मोजल्यासारखं. मग उघड्या डबीत हात घातला आणि आतलं चाक बाहेर काढलं. एका बाजूला पांढरं, एका बाजूला आरपार दिसणारं, मध्ये दात. ती त्या दातांवरून बोट फिरवत राहिली.

"आशी चाकं मपल्या घरात हायत," ती म्हणाली.

"कसली चाकं, मावशी?" दिपेशने विचारलं.

"कमळूच्या गाडीची. कारवीच्या काठीला लावलीत त्यानं. आढ्याला टांगून ठेवलीय मी ती गाडी. तुज्या वरल्या शेतावर पोपट हाकलाया या फितीवानी पट्टी बांधली, वाऱ्यावर गुनगुनायची ती, तवा ही चाकं रिकामी झाली. ती मी पोराला खेळाया नेली."

"ती गाण्याची कॅसेट होती गो," मी म्हणालो. "तेव्हा सगळेच बांधायचे."

"गाण्याची पट्टी गवताच्या पात्यायेवढी असती. तीबी मी बांधलीय, धा जणांच्या शेतावर. ही येवढी हुती." तिने नख दाखवलं. "आशी परत कुणाच्या शेतावर आली नाय. तुज्या घरात मशीन नाय, टीवी नाय. तुज्याकडं आशी डबी दुसरी कुठनं येनार?"

"मुंबईच्या एका माणसाने..."

"खोटं."

मोठ्यांदा म्हणाली, नियमाप्रमाणे. बाहेरची रांग वळून आत बघायला लागली.

"हा कमळू नाय. कमळू तुज्या भातावर हुता. मीच बांधला. काठीत चाक घालून या मेढीपासून त्या मेढीला मी चालत गेले, आन् तू बांधावर हुबा राहून बोललास, ताणून बांध रखमे, ढिली ठेवलीस तं वाजायची नाय. आख्ख्या शेताला पुरली. सिनेमात तू दिसला नाहीस म्हनून मपलं पोर दडवलंस, आन् मपल्याच हातानं पोपटांना दाखवलंस. तो रोज साळंतनं आला का त्या पट्टीला कान लावून हुबा राह्याचा. बोलायचा, आये, यात कोनतरी बोलतंय. मी बोलायची, वारा हाय रं, चल घरी."